डालगं उचलायची वेळ

मागच्या खेपेला ह्या सदरात मी गाद्या-उशांना ऊन दाखवण्याविषयी लिहिलं होतं. आज विषय जरा निराळा आहे. आज एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, शिकवणी घेत नाही! मी शाळेत तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते खरी, पण ही गोष्ट घडली आमच्या स्वयंपाकघरात. आणि तिच्यात मास्तरीण मी नव्हते, आमच्या सासूबाई होत्या.

झालं असं, डिसेंबरातला रविवार होता. मी ओट्याशी मेथी निवडत होते आणि सासूबाई खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या. मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर माझी नणंद बोलत होती. ती असते इंग्लंडात, लीड्सला. तिकडे डिसेंबरात दुपारचे चार वाजायच्या आत अंधार पडतो. त्यात तीन दिवस पावसाची झड, दोन्ही पोरं सर्दीनं बेजार, नवरा घरूनच काम करणारा. बोलता बोलता ती वैतागून म्हणाली, "वहिनी, काय सांगू! वुई हॅव बीन कूप्ड अप सिन्स फ्रायडे!"

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली गं ती? कुप का काय?"

मला तर काय, शिकवायची सवयच! मी मेथीची जुडी बाजूला ठेवून समजावून सांगितलं, "आई, कूप म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. कूप्ड अप म्हणजे खुराड्यातल्या कोंबडीसारखं घरात कोंडून पडलोय, असं म्हणाली ती."

सासूबाई कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या. शाळा चौथीपर्यंत. त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे डाललंय म्हण की!"

मी बघतच राहिले. बी. ए. होऊन इतकी वर्षं झाली, मुलांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवते, पण 'कूप अप'ला इतका नेमका मराठी शब्द मला कधी सुचला नव्हता. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. खेड्यात संध्याकाळी कोंबड्या गोळा करून त्यांच्यावर बांबूची मोठी टोपली पालथी घालतात. ती टोपली म्हणजे डालगं, आणि तसं झाकणं म्हणजे डालणं. मांजर, मुंगूस, कोल्हा ह्यांच्यापासून कोंबडी वाचावी म्हणून हा खटाटोप.

मी कौतुकानं म्हटलं, "वा आई! अगदी बरोबर." त्यावर त्या लसणाची पाकळी सोलता सोलता हसून म्हणाल्या, "मग माझं तरी काय निराळं हाय? जाताना तू डालतीस, आल्यावर उचलतीस."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरोखरच हसत होत्या, म्हणून मीही हसले. पण मेथी निवडताना पानं कचऱ्यात आणि काड्या पातेल्यात पडायला लागल्या, तेव्हा माझं मलाच कळलं की हे हसण्यावारी गेलेलं नाही.

ही सगळी हकीकत सांगायला हवी. आम्ही पुण्यात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. आषाढात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. हे सकाळी नऊला कामावर जातात, मुलगा साडेदहाला शाळेत जातो आणि साडेअकराला मीही बाहेर पडते, ती चारपर्यंत येते. त्या काळात कुणी बेल वाजवली तर सासूबाई घाईनं उठतील आणि पुन्हा पडतील, ही मोठी भीती. शिवाय दुपारी विक्रेते येतात, वर्गणीवाले येतात. म्हणून जाताना मी दाराला बाहेरून कुलूप लावायला लागले. त्यांच्या उशाशी पाणी, फोन, डब्यात पोळीभाजी, सगळं ठेवून जायची. कुणालाही विचारा, सून म्हणून माझं काही चुकलं असं कुणी म्हणालं नसतं. शेजारणी तर म्हणायच्या, "किती करतेस गं!"

प्लॅस्टर श्रावणात निघालं. डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं. घरातल्या घरात त्या काठी घेऊन चालायलाही लागल्या. पण कुलूप? ते तसंच राहिलं. एखादी गोष्ट गरजेपोटी सुरू होते आणि गरज संपली तरी सवय म्हणून चालूच राहते ना, तशातली गत! चार महिने मी रोज साडेअकराला एका चालत्याबोलत्या माणसाला आत ठेवून कुलूप लावत होते, आणि ते ओढून पाहून निघत होते.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी शब्दकोश काढून बसले. कोशात जे सापडलं ते तुम्हालाही सांगण्यासारखं आहे. आज इंग्रजीत 'कूप' म्हटलं की जाळीचं किंवा फळ्यांचं खुराडं डोळ्यांपुढे येतं. पण जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ नुसता 'टोपली' असा होता, आणि मग कोंबड्यांवर पालथी घालायची टोपली! म्हणजे थेट आपलं डालगंच. कोरेगावकडची म्हातारी आणि इंग्लंडातली कुणी शेतकरीण, दोघींनी एकाच वस्तूवरून एकच क्रियापद काढलं. इंग्रजीत हे क्रियापद माणसांसाठी सोळाव्या शतकापासून वापरात आहे.

त्याही मागे गेलं तर लॅटिनमधला 'कूपा' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ पिंप. पिंपं बनवणारा तो 'कूपर'. आपल्याकडे पारशी मंडळींत हे आडनाव आहे, ते ह्याच धंद्याचं नाव. आणि गंमत म्हणजे हा लॅटिन 'कूपा' आणि आपल्या संस्कृतातला 'कूप', म्हणजे विहीर, हे दोन्ही एकाच मुळातले असावेत असं भाषेचे अभ्यासक मानतात. आत पोकळ, वर तोंड, असा आकार दोन्हींचा. तेव्हा आपला 'कूपमंडूक' हाही ह्या कूपाचा लांबचा नातेवाईक म्हणायचा!

पण बेडूक आणि कोंबडी ह्यांच्यात फरक आहे. कूपमंडूकाला विहिरीत कुणी कोंडलेलं नसतं. विहिरीबाहेर जग आहे हेच त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे 'घरकोंबडा' असाही शब्द आहे. त्यालाही कुणी डाललेलं नसतं, त्याला उंबरा ओलांडायचा कंटाळा असतो. इंग्रजीतही असे बारकावे आहेत. घरीच थांबायचं ठरवलं तर 'स्टे इन'. उंदीर-घुशीसारखं आपणहून बिळात दडून बसलं तर 'होल अप'. बर्फानं दार अडलं तर 'स्नोड इन'. पण 'कूप्ड अप' म्हटलं की त्यात टोपली आली, आणि टोपली आली म्हणजे ती पालथी घालणारा हातही आला. कोंबडी काही स्वतःवर डालगं ओढून घेत नाही.

आणि एक लक्षात आलं का तुमच्या? 'घरकोंबडा' हा शब्द आपण पुरुषांसाठी वापरतो, तोही हिणवून. दिवसभर घरात बसतो म्हणजे काय, घरकोंबडा कुठला! बाई दिवसभर घरात असली तर तिला कुणी हिणवत नाही. उलट तिचं कौतुकच होतं. म्हणजे कोंबडा घरात बसला तर नवल, आणि कोंबडी बसली तर ती जागच्या जागी आहे!

आणखी एक माहिती सांगते. इंग्लंडात पूर्वी पिल्लंवाल्या कोंबडीसाठी खास कूप असायचं. पुढे उभ्या पट्ट्या, आणि त्यांच्यात इतकंच अंतर की पिल्लं आत-बाहेर करू शकतील पण आई बाहेर येऊ शकणार नाही. कोंबडी आत कोंडलेली आणि पिल्लं बाहेर गवतात खेळताहेत! त्यामागचा हिशेब साधा होता. आई एका जागी राहिली की पिल्लं फार लांब जात नाहीत, भूक लागली, गारठा वाटला की तिच्या पंखाखाली येतात. आईला पिल्लं घेऊन भटकू दिलं तर एखादं ओल्या गवतात मागे राहायचं, एखादं घार उचलायची. पिल्लांच्या दृष्टीनं व्यवस्था उत्तम. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी शब्दकोश मिटला आणि आतल्या खोलीत जाऊन सासूबाईंच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आले.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गावर तास होता. प्रयोग बदलायचे होते, कर्तरीचा कर्मणी आणि कर्मणीचा कर्तरी. डोक्यात तोच विषय, म्हणून फळ्यावर वाक्य लिहिलं, 'आय अ‍ॅम कूप्ड अप अ‍ॅट होम.' शब्दाचा अर्थ सांगितला. मग 'अप' कशाला, हे विचारलं. मुलांना वाटतं अप म्हणजे वर. पण 'ईट अप' म्हणजे वर खा नव्हे, खाऊन टाक. 'टाय अप' म्हणजे बांधून ठेव. 'लॉकअप' तर आपल्या सगळ्यांना माहीत असतं! आपण मराठीत मूळ क्रियापदाला 'टाकणे', 'ठेवणे' जोडून काम पुरतं झाल्याचं सांगतो, तेच काम तिथं 'अप' करतो. नुसतं कोंडणं वेगळं आणि कोंडून ठेवणं वेगळं.

मग म्हटलं, आता हे वाक्य कर्तरी करा. त्यासाठी कर्ता हवा. कुणी कोंडलं ते सांगा. वर्ग एकदम जागा झाला. एक म्हणाला, पावसानं. दुसरा म्हणाला, परीक्षेनं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आजीनं. दिवेलागणीनंतर खाली जाऊ देत नाही." सगळे हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला, "बाई, 'बाय'च्या पुढचं लिहिलंच नाही तर वाक्य चुकतं का?"

मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं. नाही चुकत. कर्ता माहीत नसेल किंवा सांगायची गरज नसेल तर तो गाळतात, वाक्य पूर्णच राहतं.

हे बोलले आणि खडू हातात तसाच राहिला. किती सोयीचं आहे नाही? 'आजी घरात अडकून पडल्या आहेत.' 'आईंचं बाहेर जाणं बंद झालं आहे.' चार महिने मी लोकांना हीच वाक्यं ऐकवत होते. वाक्यं पूर्ण होती, व्याकरण शुद्ध होतं. फक्त 'बाय'च्या पुढचा शब्द मी गाळत होते, आणि तो शब्द होता 'मी'. कुलूप माझं, किल्ली माझ्या पर्समध्ये.

त्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. सहज म्हणून मी म्हटलं, "आईंना दिवसभर कंटाळा येत असेल नाही?" त्यावर त्या जे म्हणाल्या ते ऐकून मी पायरीवरच बसले. दिवाळीनंतर एक दिवस सासूबाईंची गावाकडची मैत्रीण आली होती. डोळे दाखवायला एसटीनं पुण्याला आलेली. पत्ता शोधत, गुडघे धरत तीन मजले चढून आली, तर दाराला कुलूप. ती परत फिरणार, तेवढ्यात सासूबाईंनी आतून आवाज ओळखला. मग ती बाहेर पायरीवर बसली आणि ह्या आत दाराला टेकून बसल्या. तास-दीड तास दोघी बंद दाराच्या दोन बाजूंनी बोलत होत्या. जाताना तिनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी कडीला अडकवली.

ती पिशवी मला आठवत होती. मी विचारलंही होतं, "आई, ह्या शेंगा कुणी दिल्या?" तर म्हणाल्या होत्या, "दिल्या कुणीतरी." मी त्या शेंगा उकडल्या आणि आम्ही सगळ्यांनी मीठ लावून खाल्ल्या.

रात्री ह्यांच्यापाशी विषय काढला. हे म्हणाले, "अगं, पण पुन्हा पडली म्हणजे?" त्यांचंही खोटं नव्हतं. तोच प्रश्न मीही चार महिने स्वतःला विचारत होते. वाद घालत बसलो असतो तर कुलूप आणखी चार महिने राहिलं असतं. मग मला सुचलं की आपण दोघं ज्यांच्याविषयी बोलतोय त्या तर पलीकडच्या खोलीतच आहेत. त्यांना कुणी विचारलंय? आम्ही दोघं उठून गेलो. मी विचारलं, "आई, खरं सांगा, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. "किल्ली."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत न्हाई. जनावराच्या भ्यानं डालावंच लागतं. पर सकाळी पहिलं डालगं उचलायचं असतंय. उजाडल्यावरबी डालून ठेवली तर कोंबडी अंडं देत न्हाई." आणि हे शास्त्रालाही धरून आहे बरं का! कोंबडीचं अंडी देणं उजेडावर अवलंबून असतं. तिला चांगली अंडी द्यायला दिवसाला चौदा-सोळा तास उजेड लागतो. उजेड तोडला की अंडी थांबतात.

मैत्रिणींनो, कोंडून राहणं काय असतं हे आपल्याला माहीत नाही असं थोडंच आहे? 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा आपण सगळेच डालले गेलो होतो. तेव्हा गॅलरीत उभं राहून रिकामा रस्ता बघताना वाटायचं, एकदा मोकळं होऊ दे, मग घरात म्हणून बसणार नाही. टाळेबंदी उठली, आपण बाहेर पडलो आणि विसरलो. पण ज्यांचे पाय थकलेत, डोळे अधू झालेत, ज्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यांची टाळेबंदी उठलीच नाही. त्यांच्यासाठी तारीख जाहीर करणारं कुणी नसतं. ती घरातल्यांनीच ठरवायची असते.

आता आम्ही काय काय केलं ते सांगते. तुमच्याही घरी कुणी असं अडकलं असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बाहेरचं कुलूप काढलं. आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावणं धोक्याचंच आहे. आग लागली, गॅस गळला, छातीत दुखायला लागलं, तर आतलं माणूस बाहेर येऊ शकत नाही आणि बाहेरचं आत जाऊ शकत नाही. दाराला लॅच बसवून घेतलं. ते बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, पण आतून नुसतं फिरवलं की उघडतं. एक किल्ली सासूबाईंच्या कमरेला, एक खालच्या काकूंकडे. एकच पथ्य, एकटं असताना आतून कडी किंवा साखळी घालायची नाही. नाहीतर काकूंची किल्ली असून नसल्यासारखी.

दुसरं, आमच्या दाराला पुढे जाळीचं दार आहे. आता दुपारी लाकडी दार उघडं आणि जाळीचं बंद, असं ठेवतात. खुर्ची दाराशी. जिन्यानं जाणारी-येणारी दोन शब्द बोलतात. अनोळखी माणूस आला तर जाळी न उघडता आतूनच 'संध्याकाळी या' म्हणायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

तिसरं, जिना. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली, तुम्हीही विचारूनच करा. त्यांनी एक सोपी युक्ती सांगितली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक स्टूल ठेवलं, अर्थात सोसायटीतल्या सगळ्यांना विचारून, आणि जाण्या-येण्याच्या वाटेत येणार नाही असं. काठीच्या टोकाचं रबर झिजलं होतं, ते बदललं. पायात सपाता न घालता मागे पट्टा असलेल्या चपला घातल्या. आणि जिथून सगळं सुरू झालं त्या न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. खरं तर हे काम कुलपाच्या आधी करायला हवं होतं.

चौथं, घरातलं एक काम पूर्णपणे त्यांचं, आणि तेही बाहेरचं. 'तुम्ही बसा, मी करते,' हे वाक्य आपण प्रेमानं म्हणतो, पण तेही एक डालगंच आहे. आता दर मंगळवारी आणि शनिवारी फाटकाशी भाजीची गाडी येते, तेव्हा भाजी त्या आणतात. पिशवी वर आणायला मुलगा असतो. घासाघीस त्या करतात. माझ्यापेक्षा स्वस्त आणतात, हेही कबूल करते!

एक मात्र आवर्जून सांगते. विस्मरणाचा आजार असलेल्या, घरातून निघून वाट चुकणाऱ्या माणसांची गोष्ट वेगळी. त्यांना किल्ली देऊन भागत नाही आणि एकटं कोंडूनही भागत नाही. त्यांच्यापाशी कुणीतरी असणं हाच उपाय. तो खर्चाचा आहे, ओढाताणीचा आहे, आणि एकट्या सुनेवर तो टाकता कामा नये. मुलगा, मुलगी, दीर, जावा, सगळ्यांनी बसून पाळ्या लावायला हव्यात. कारण एक डालगं उचलायचं म्हणून दुसरीवर पालथं घालायचं, हेही बरोबर नाही.

पहिल्या दिवशी तीन मजले उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. खाली फाटकाशी ऊन होतं. सासूबाई तिथल्या कट्ट्यावर बसल्या, पदर डोक्यावरून मागे सरकवला आणि पाठ उन्हाला दिली. मला एकदम माझाच मागचा लेख आठवला. आठवड्यातून एकदा गाद्या-उशांना ऊन दाखवा, दोन्ही बाजूंनी दाखवा, म्हणजे कुबट वास येत नाही, असं मी मोठ्या अधिकारवाणीनं लिहिलं होतं. तो लेख मी खिडकीशी बसून लिहिला तेव्हा ह्या आतल्या खोलीतच होत्या.

भीती गेली आहे असं म्हणणार नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मी अजून एक फोन करतेच. एकदा दोन वेळा फोन लावला तरी उचलला नाही, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. काकूंना फोन केला, तर ह्या त्यांच्याच घरी पापडाचं पीठ कुटून देत बसलेल्या! पण भीती माझी आहे, ती मीच सांभाळायला हवी. तिच्यासाठी त्यांना आत बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हता.

संक्रांतीला सासूबाईंनी त्या मैत्रिणीला स्वतः फोन करून बोलावून घेतलं. मी चार वाजता शाळेतून आले. लांबूनच बोलणं ऐकू येत होतं. जाळीचं दार सताड उघडं. दोघी आत सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या, मध्ये तिळगुळाचा डबा. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "आलीस? चहा टाक." मैत्रीण म्हणाली, "तुझी सून व्हय गं ही? मागल्या टायमाला दिसलीच न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "तवा शाळेत होती ती." एवढंच म्हणाल्या. कुलपाचा विषय काढला नाही. मीही मान खाली घालून आधण ठेवलं.

तर मैत्रिणींनो, आज घरात एकदा नजर फिरवा. कुणी 'अडकून पडलं आहे' असं म्हणत असाल तर त्या वाक्यात कर्ता घालून बघा. आणि हो, तुमच्या भागात कोंबड्या झाकायच्या टोपलीला काय म्हणतात, तेही जरूर कळवा. आमच्या सासूबाईंना ऐकायचं आहे. पत्रं त्यांना वाचून दाखवीन, म्हणजे त्या खाली कट्ट्यावर नसतील तेव्हा!

पुढच्या आठवड्यात बोलू या उन्हाळी वाळवणांविषयी.